बुरजाचं पाणी

वैजनाथ पाटील दारात येऊन उभा राहिला तेव्हा नागुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. पाटलाच्या घरचा माणूस तिच्या दारात यायचा तो निवडणूक असली तर, नाहीतर मयत असली तर. मयत तर कुणाची झाली नव्हती.

"जयभीम, नागुमावशी," म्हणत वैजनाथनं बूट काढले. सोबतच्या कार्यकर्त्यांनाही काढायला लावले. आनंदराजनं, नागुबाईच्या पोरानं, धावत जाऊन खुर्ची आणली. हा आनंदराज लातुरात शाळामास्तर, रविवारी आईकडे यायचा; आणि आज नेमका रविवारच होता. चहा झाला. वैजनाथनं तो शेवटच्या घोटापर्यंत घेतला आणि आपण तो घेतला हे सगळ्यांना दिसेल अशा बेतानं कप खाली ठेवला. कार्यकर्त्यानं त्याचा फोटोही काढला.

"मावशी, गढीचा बुरूज पुन्हा उभा करायलोत आपण," वैजनाथ म्हणाला. "निधी आलाय. जुन्या गावात शिरलं की लांबून दिसला पाहिजे, असा. त्याच्यावर पाटी लावायची. तुमच्या घरच्या ज्या माणसानं बुरजासाठी बलिदान दिलं, त्याचं नाव टाकायचं म्हणतो."

"दिलं न्हाई," नागुबाई म्हणाली. "घेतलं."

वैजनाथ हसला. पुढाऱ्यांना हे हसणं कुठं शिकवतात कोण जाणे, पण सगळ्यांचं सारखंच असतं. "नाव काय म्हणायचं त्यांचं?"

"येसा."

"येसाजी टाकतो."

"जी कामून? जिता होता तवर 'ए येश्या' म्हणायचे की तुमचे लोक. मेल्यावर कुठनं आलं जी?"

आनंदराजनं घसा खाकरला. आईला आवरायची त्याची ती जुनी खूण होती, आणि ती कधीच लागू पडलेली नव्हती.

आता कारेगव्हाणच्या या बुरजाचा इतिहास पाटलांच्या घरात एक होता आणि नागुबाईच्या घरात दुसरा. निजामाचंही राज्य नीट बसलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पाटलाच्या कुणा पूर्वजानं गढी बांधली, पण पूर्वेचा बुरूज काही उभा राहीना. पुरुषभर उंची गेली की ढासळायचा. मग कुणीतरी सांगितलं, बुरूज माणूस मागतो. इथपर्यंत दोन्ही घरांचं एकमत. यापुढे पाटलांच्या घरात सांगायचे की, महारवाड्यातला एक इमानी गडी आपण होऊन पुढं आला, हात जोडून म्हणाला, मालक, गावासाठी मला घ्या. असे इमानी गडी फक्त मालकांच्याच गोष्टींत सापडतात.

नागुबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं ते असं. येसाला वेठीला म्हणून बोलावलं, दगड वाहायला. दिवसभर उन्हात वाहिले त्यानं. संध्याकाळी त्याला पायाच्या खड्ड्यात उतरवलं, खालचा दगड सरळ कर म्हणून, आणि वरून माती लोटायला सुरुवात केली. तो ओरडला, मग रडला. छातीपर्यंत माती आल्यावर त्यानं एकच गोष्ट मागितली. पाणी. पाटलाच्या घरची घागर तिथंच होती, गवंड्यांसाठी आणलेली. पण ती त्याला लावली तर बाटली असती. उरलेल्या गवंड्यांनी मग काय प्यायचं? म्हणून दिली नाही. त्याची बायको गाडग्यात पाणी घेऊन धावत आली तर तिला गढीच्या आवारात शिरू दिलं नाही. बुरूज पुरा झाला, आणि उभाही राहिला.

तेव्हापासून त्या घरच्या सुना चैत्री पुनवेला बुरजाच्या पायाशी एक गाडगं पाणी घालत आल्या. पूजा नाही, नारळ नाही, हळदकुंकू नाही. नुसतं पाणी. छप्पन्न साली नागुबाईच्या सासऱ्यानं घरातले सगळे देव टोपल्यात भरून तेरणेत सोडून दिले, आणि बायकोला म्हणाला, आता ते बुरजाचंही सोड. म्हातारी म्हणाली, "द्येव सोडले. माणूस कसा सोडू? तहानलेला हाय त्यो." ते पाणी चालू राहिलं, आणि लग्न होऊन आली त्याच वर्षी म्हातारीनं ते गाडगं नागुबाईच्या हातात दिलं.

"पाटीवर लिहायचं तर खरं लिही," नागुबाई वैजनाथला म्हणाली. त्याची आजी हिच्या सासूकडून 'मालकीणबाई' म्हणवून घ्यायची. नागुबाईनं लग्नानंतर पहिल्या दिवसापासून ते केलं नव्हतं. "येसाला जिता पुरला, पाणी मागत होता, दिलं न्हाई. एवढं लिही."

"असं पाटीवर लिहितात का, मावशी? शाळेची पोरं बघायला येतील."

"मंग त्यांनीच वाचावं."

वैजनाथनं डोकं खाजवलं. आनंदराजकडे पाहिलं. शेवटी चार माणसांसमोर मोठ्या मनानं म्हणाला, "असं करू. पाया उकरायचाच हाय. हाडं निघाली, तर तुम्ही म्हणता ते लिहू. शब्द देतो."

त्याला शब्द द्यायला काही वाटायचं नाही. पण नागुबाईनं तो घेतला.

जुनं गाव आता गाव राहिलं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं, आणि सरकारनं दूर माळावर नवं बांधून दिलं, सारख्याच रांगा, सारखीच घरं. जुन्या जागेवर बाभळी माजल्या होत्या आणि बाभळींखाली पांढऱ्या मातीचे ढीग होते. एकेका ढिगाखाली एकेक घर. मध्ये बुरजाचा अर्धा सुळका उभा.

संगप्पा नावाचा ठेकेदार जेसीबी घेऊन आला, औराद शहाजानीकडचा, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारा. नागुबाई रोज सकाळी नव्या गावातून चालत जायची आणि बाभळीच्या सावलीत बसायची. पहिल्या दिवशी संगप्पा म्हणाला, "अव्वा, इथं कशाला बसता? काही निघालं तर सांगतो की." ती म्हणाली, "तू सांगशील रे. मला बघायचं हाय." मग तो रोज तिच्यासाठी एक रिकामं पोतं अंथरून ठेवायचा.

आयुष्यात एवढ्या आशेनं ती कशाची वाट बघत बसली नव्हती. कवटी नको, सांगाडा नको. एखादं हाड, एखादा दात जरी निघाला असता तरी तिला पुरलं असतं. सासूला वचन असं काही दिलेलं नव्हतं. पण इतक्या बायकांनी इतकी वर्षं ज्याला पाणी घातलं, तो तिथं होता एवढं जगानं एकदा कबूल करावं, असं तिला वाटे. आता तिचंही वय झालं होतं. सून लातुरात नोकरीला. तिला हे गाडगं द्यायचं म्हटलं तर ती त्यात मनीप्लँट लावील.

जेसीबीचं तोंड बुरजाच्या पायाखाली गेलं आणि भसकन आत घुसलं. आत पोकळ होतं. संगप्पानं मशीन थांबवलं, खाली उतरला, बॅटरी मारून पाहिलं. दगडांचं कवच तेवढं उभं होतं. आतली माती कधीच गेलेली होती. हाड नाही, दात नाही, खापरीही नाही.

वैजनाथला फोन गेला, तो गाडी घेऊन आला. पोकळीत वाकून पाहिलं, फोटो काढला, आणि हात झटकत म्हणाला, "मावशी, काहीच न्हाई की. मी काय करू? गोष्टी असतात जुन्या. तरी नाव टाकतो मी, मागं हटत न्हाई. स्वखुशीनं प्राणार्पण केलं असं लिहू. तुमचाच मान वाढतो."

नागुबाई पोत्यावरून उठली. गुडघे धरून धरून पोकळीपाशी आली. आत बघितलं आणि तिला सगळं समजलं. समजायला खरंतर काही नव्हतंच. हे ती तरणी होती तेव्हापासून डोळ्यांदेखत चाललं होतं.

गढीची माती पांढरी, चिकण. माळवदावर पसरली तर थेंब गळत नाही. सगळ्या गावाची घरं माळवदाची. लाकडावर पाचट, पाचटावर माती. पावसाळ्याच्या आधी दर घरटी चार टोपली नवी माती वर चढायची, जुनीच्या वर. गढीत कुणी राहीनासं झालं तशी सगळ्यांनी गढीचीच माती न्यायला सुरुवात केली. भिंती संपल्या, मग बुरजाला हात घातला. आधी महारवाड्याला मनाई होती. मग मनाई मोडली. नागुबाईचा नवरा साहेबराव पोरांना घेऊन टोपली खांद्यावर टाकून निघाला, हक्काची माती म्हणून. तेव्हा त्याची आई दारात आडवी झाली होती. "आपल्या माणसाला डोक्यावर घालून झोपायचा का रे?" साहेबराव हिरमुसला, पण मागे फिरला. आणि घरावर टाकले पत्रे. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. शेजारपाजारचेही हसायचे, त्यांनी नेली होती माती.

पायाशी दरवर्षी ओल असायची म्हणून ती जागा मऊ होती, उकरायला सोपी. सगळ्यांनी तिथूनच नेली. पाटलांनी सगळ्यात जास्त, कारण त्यांचं माळवद सगळ्यात मोठं.

मग अनंत चतुर्दशीचा गणपती बुडवून गाव दमून झोपलं त्या पहाटे जमीन हलली. वर्षानुवर्षांची ती माती एका झटक्यात खाली आली, झोपलेल्या माणसांवर. साहेबरावाच्या घरावरचे पत्रे पडले. आनंदराजच्या कपाळावर खोक पडली, बाकी सगळे वाचले. उजाडल्यावर साहेबराव हातांनी माती उपसत गावभर फिरला. पाटलाच्या घरातून त्यानं वर्षाराणीला काढलं. वैजनाथची धाकटी बहीण, दोन वेण्यांची. तोंडात, नाकात, डोळ्यांत पांढरी माती. नागुबाईनं घरून आणलेल्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं, बोट घालून जिभेवरची माती काढली. पोरीची आई गुणाबाई समोर बसून बघत होती. तिला त्या दिवशी पाणी बाटलं की नाही हे काही सुचलं नाही.

पुढं गावात कुणीतरी बोललं, येश्यानं डाव साधला. मग सगळेच बोलायला लागले. त्या बायका पाणी घालतात, तेच बाधलं गावाला. नागुबाई तसल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. जमीन कशानं हलते ते आनंदराजनं तिला पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. गुणाबाई मात्र तेव्हापासून तिच्याशी बोलली नाही. बाजारात दिसली तर पदर ओढून दुसऱ्या बाजूला वळायची.

एवढं सगळं नागुबाईनं गिळून ठेवलं होतं. पण 'तुमचाच मान वाढतो' हे तिच्यानं गिळवलं नाही.

"हाडं कुठं असतील, सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या माळवदावर होती. टोपल्यांनी नेलीत तुम्ही. गावानं नेली. आमच्या येसानं तुमच्या डोक्यावरचा पाऊस अडवला जन्मभर. आन् शेवटी तुझ्या बहिणीच्या तोंडातनं काढला मी त्याला, ह्या बोटांनी."

कार्यकर्ते खाली बघायला लागले. संगप्पानं उगाच जेसीबीच्या टायरला हात लावून पाहिला. वैजनाथचा चेहरा काळवंडला. "मावशी, तोंड सांभाळा," एवढंच म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

घरी येईपर्यंत नागुबाईला स्वतःचीच लाज वाटायला लागली. मेलेल्या पोरीचं नाव घ्यायला नको होतं. ते पोरगं निष्पाप होतं, येसासारखंच. पण शब्द गेला तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत तो गुणाबाईच्या कानावर पोचलाही असणार, कारण नव्या गावात घरं सारखी असली तरी भिंती पातळ आहेत.

बुरूज चार महिन्यांत उभा राहिला. आतून लोखंड, बाहेरून सिमेंट, त्याच्यावर दगडाचा रंग आणि दगडाच्या रेघा. पायाभोवती चकचकीत फरशी. वैजनाथनं उद्घाटनाचा दिवस कोणता धरावा? चैत्री पुनव. पत्रिका छापल्या. त्यात मंत्रीमहोदय, आमदारसाहेब आणि खाली 'जलार्पण सोहळा, शुभहस्ते श्रीमती नागुबाई.' सासूनं कुणाला न सांगता केलेल्या गोष्टीचा यानं सोहळा केला.

"मी न्हाई जात," ती आनंदराजला म्हणाली.

"आई, नाव तर आलं ना दगडावर," आनंदराज म्हणाला. "अख्ख्या तालुक्यात आपल्या माणसाचं नाव असं कुठं हाय? बाकीचं लोक विसरतील, नाव राहील."

"बाकीचंच राहील रे. वाचणारा तेच वाचल. खुशीनं गेला म्हणून."

"मग काय, मोर्चा काढू? मला शाळेत ह्याच लोकांत काम करायचंय, आई."

तो वाईट नव्हता. त्याला आईचा अभिमान होता, आणि आईची भीतीही वाटायची. पण शाळेत साहेबांशी भांडून दमलेल्या माणसाला सत्कार बरा वाटतो. नागुबाईला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

ती गेली ती सत्कारासाठी नाही. चैत्री पुनव होती आणि पाणी घालायचं होतं. पांढरं पातळ नेसली, गाडगं घरच्या रांजणातून भरून घेतलं आणि चालत गेली. मंडपात वैजनाथनं तिला पितळेचा कलश पुढे केला, आंब्याची पानं लावलेला. तिनं तो बघितलाच नाही. पाटी मात्र वाचली. आनंदराजनं शिकवलं होतं तिला वाचायला, म्हातारपणी. 'वीर येसाजी यांनी गावासाठी स्वखुशीने प्राणार्पण केले.' वर बांधणाऱ्या पाटलाचं नाव, त्याहून मोठ्या अक्षरांत. त्याहून मोठं वैजनाथचं.

ती फरशीवरून चालत पायाशी गेली. माईकवरचा निवेदक गहिवरल्या आवाजात काहीतरी बोलत होता. तिनं नेहमीच्या जागी गाडगं कलतं केलं.

पाणी आत गेलं नाही. दरवर्षी ते पडायचं आणि दगडांच्या फटीतून भुर्रकन नाहीसं व्हायचं. सासू म्हणायची, बघ, कसा प्यायला. आज ते सिमेंटवर आपटलं, फरशीवर पसरलं आणि उताराला लागलं. पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या कडेला गुणाबाई बसली होती, हातात पाहुण्यांना वाटलेली पाण्याची बाटली. पाणी वाहत वाहत तिच्या पायांपाशी गेलं. तिनं पाय मागे घेतले नाहीत.

ती उठली. काठी टेकत नागुबाईपाशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं.

"खुशीनं कोण जातंय मातीत?" गुणाबाई म्हणाली. पाटीकडे हात केला. "मी सांगितलं वैजनाथला. तू बोललीस तेव्हाच सांगितलं. ऐकत न्हाई माझं."

नागुबाईनं कलतं गाडगं सरळ केलं.

"माझ्या वर्षाला तू पाणी लावलंस. मी तुला तोंड दाखवलं न्हाई. काय सांगू, तुझं तोंड बघितलं की तिची ती जीभ दिसायची." गुणाबाईनं हात पुढे केला. "दे गं ते गाडगं. मी घालते त्याला."

गाडग्यात थोडं पाणी उरलं होतं. नागुबाईनं ते पोटाशी धरलं. दोन म्हाताऱ्या एकमेकींना भेटताहेत असं वाटून फोटोवाले पुढे सरकले.

"हे आमच्या घरचं हाय," नागुबाई म्हणाली. "आमच्या घरचं त्याला लई घातलं. त्यानं तुमच्या घरचं मागितलं होतं."

गुणाबाईनं हात मागे घेतला. मग तिनं हातातल्या बाटलीचं झाकण काढायला सुरुवात केली. बोटांत जोर नव्हता, झाकण निघेना. नागुबाईनं मदत केली नाही. शेवटी निघालं. पाटलाच्या घरच्या थोरल्या बाईनं वाकून, काठी बगलेत धरून, येसाला पाणी घातलं. सगळी बाटली रिकामी होईपर्यंत घातलं.

तेही सिमेंटवरून घसरलं, फरशीवर आलं, नागुबाईच्या पाण्यात मिसळलं आणि उताराला लागलं. आत एक थेंब गेला नाही. गुणाबाई वाकूनच राहिली, कुठं तरी फट असेल म्हणून हातानं चाचपत.

"उठा, गुणाबाई," नागुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "आता न्हाई पीत त्यो. बुजवलं तुमच्या लेकानं."

तेवढ्यात मंत्र्यांची गाडी आल्याचा गलका झाला. वैजनाथनं खूण केली, आणि एक कार्यकर्ता पाहुणे घसरतील म्हणून वायपर घेऊन धावत आला. त्यानं फरशीवरचं सगळं पाणी दोन हातांत लोटून गटारात घातलं. नागुबाई गाडगं पोटाशी धरून मंडपाबाहेर पडली. मागे माईकवर निवेदक सांगत होता की ऊन फार आहे, थंड पाण्याची सोय मंडपाच्या डाव्या बाजूला केलेली आहे, कुणीही तहानलेलं राहू नये.